गाडी आपली, नंबर त्यांचा

इंडियाना राज्याचं ब्रीदवाक्य आहे 'अमेरिकेचा चौक'. नकाशा बघितला की ते पटतं. ६५, ७०, ७४ आणि ६९ नंबरचे हायवे इंडियानापोलिसला येऊन मिळतात, आणि शहराच्या चहूबाजूंनी गोदामंच गोदामं. दक्षिणेला ग्रीनवूडकडे पंजाबी वस्ती मोठी आहे. गुरुद्वारे, किराणा दुकानं, पराठे मिळणारी हॉटेलं, आणि घराघरात निदान एक जण ट्रकवर. मी या मंडळींचे हिशेब लिहिते. लोकांना वाटतं, टॅक्सचं काम म्हणजे मार्च-एप्रिलची धावपळ आणि मग वर्षभर आराम. प्रत्यक्षात दर शुक्रवारी माझ्या फोनवर कागदांचे फोटो येऊन पडायला लागतात. 'ताई, हे बरोबर आहे का बघा.'

तो कागद म्हणजे सेटलमेंट, आठवड्याचा हिशेब. आणि त्याच्या पाठोपाठ कधी ना कधी दुसरा प्रश्न येतोच: गाडी कुठल्या कंपनीला लावू?

हा प्रश्न हिशेब लिहिणाऱ्या बाईला का विचारावा, असं मला सुरुवातीला वाटायचं. मग कारण कळलं. दुसऱ्या ड्रायव्हरला विचारलं तर तो आपल्याच कंपनीचं नाव सांगतो, कारण नवीन गाडी आणून दिली की त्याला बोनस मिळतो. कंपनीच्या भरतीवाल्याला विचारण्यात तर अर्थच नाही. उरले मी. माझा फायदा कशातच नाही, आणि दहा कंपन्यांचे कागद माझ्या समोर असतात.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकेत स्वतःचा ट्रक घेतला म्हणजे लगेच माल वाहता येतो असं नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भाड्याने माल न्यायचा तर सरकारी परवाना, म्हणजे इथल्या भाषेत 'अथॉरिटी', लागते. वाहतूक खात्याकडच्या नोंदणीचा डीओटी नंबर, भाड्याने माल न्यायच्या परवान्याचा एमसी नंबर, आणि किमान साडेसात लाख डॉलरचा तृतीय पक्ष विमा. प्रत्यक्षात बरेच ब्रोकर, म्हणजे माल मिळवून देणारे दलाल, दहा लाखांच्या खाली बोलतच नाहीत. एका गाडीच्या नव्या मालकाला हा विमा भलताच महाग पडतो. म्हणून बहुतेक जण अथॉरिटी असलेल्या कंपनीला गाडी लावतात. ट्रक माझा, हप्ता माझा, डिझेल माझं, टायर माझे. पण दारावर नाव आणि डीओटी नंबर कंपनीचा, तोही पन्नास फुटांवरून दिवसा वाचता येईल एवढ्या अक्षरात. करार चालू असेपर्यंत त्या गाडीचा ताबा आणि वापर कायद्याने कंपनीचाच मानला जातो. मालक स्वतः स्टिअरिंगवर बसलेला असतो, तरीही.

माझे काका सांगलीत एका गाडीचे मालक होते. मार्केट यार्डातल्या एका ट्रान्सपोर्टला त्यांची गाडी लावलेली असायची. हळद, गूळ, परतीला जे मिळेल ते. अर्धं भाडं आगाऊ, बाकी पोच आणून दिल्यावर. पोच आणली की शेठ बाहेर गेलेले असायचे. त्यामुळे ग्रीनवूडचा एखादा गाडीवाला हिशेबाचा कागद घेऊन येतो तेव्हा मला त्यात फार परकं काही वाटत नाही. फरक एवढाच की इथे या भांडणाला कायदा आहे, आणि तो बऱ्यापैकी बारकाईने लिहिलेला आहे. १९७९ पासून आहे. गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी तो लिहिलाय त्यांतल्या फार थोड्यांनी तो वाचलाय.

नांदेडचा एक सरदार माझ्याकडे येतो. हुजूर साहिबच्या परिसरात वाढलेला. त्याची मराठी माझ्यापेक्षा ठसकेबाज आणि पंजाबी यथातथा, त्यामुळे इथल्या पंजाबी मंडळींत तो जरा वेगळाच पडतो. कंपनीचा ड्रायव्हर म्हणून काही वर्षं काढून त्याने जुनी फ्रेटलाइनर घेतली आणि तीन कंपन्यांचे प्रस्ताव घेऊन माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. पहिली कंपनी देशभर नाव असलेली, हजारो गाड्यांची. ती मैलावर पैसे देणार. दुसरी चाळीसेक गाड्यांची, ओळखीतल्या माणसाची. ती भाड्याच्या ८८ टक्के देणार. तिसरी मधल्या आकाराची, एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाची, ओहायोच्या सीमेजवळची. ती ७२ टक्के.

'८८ आणि ७२. यात विचारायचं काय ताई?' तो म्हणाला. मी म्हटलं, आधी चहा घे.

टक्के कशाचे, हे टक्के किती याच्या आधी विचारायचं असतं. माल पाठवणाऱ्याने ब्रोकरला तीन हजार दिले, ब्रोकरने आपलं काढून कंपनीला २,५०० दिले, तर टक्केवारी अडीच हजारावर असायला हवी. पण काही कंपन्यांची स्वतःचीच एक ब्रोकर कंपनीही असते, त्याच इमारतीत, कधी कधी त्याच टेबलावर. माल त्या कंपनीच्या नावावर येतो, तिथे एक वाटा निघतो, आणि उरलेल्या रकमेचा कागद आपल्याच वाहतूक कंपनीच्या नावाने फाडला जातो. मग त्या लहान रकमेचे ८८ टक्के तुम्हाला. कागदोपत्री कोणी खोटं बोललेलं नसतं.

यासाठी कायद्यात एक कलम आहे. मोबदला भाड्याच्या टक्क्यांत ठरला असेल, तर कंपनीने पैसे देण्याआधी किंवा देताना मूळ भाडेबिलाची प्रत मालकाला दिली पाहिजे. ग्राहकांची नावं खोडली तरी चालतात, रक्कम खोडता येत नाही. मी प्रत्येकाला सांगते की करार करण्याआधीच विचारा, 'रेटेड फ्रेट बिल दर आठवड्याला मिळेल ना?' उत्तरापेक्षा समोरच्याचा चेहरा बघा. ओहायोकडच्या कंपनीतल्या बाईने फोनवर सांगितलं, 'ते सेटलमेंटसोबतच जोडलेलं असतं.' तिला प्रश्नच चमत्कारिक वाटला. ओळखीतल्या माणसाने विचारलं, 'विश्वास नाही का?'

मैलावर पैसे देणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. तिथे भाडं किती आलं याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, दर ठरलेला. मंदीत हे बरं पडतं, तेजीत हात चोळत बसावं लागतं. पण मैल कोण मोजतं? ट्रकचं मीटर नाही मोजत. जुन्या घरसामान वाहतुकीच्या तक्त्यावरून मोजलेले 'शॉर्ट माइल्स' असतात, ते गावापासून गावापर्यंत जवळच्या रस्त्याने धरलेले. ट्रकने जाण्याजोग्या रस्त्याचे मैल त्याहून पाच ते दहा टक्के जास्त भरतात. शिवाय रिकामी गाडी पुढचा माल उचलायला जाते ते मैल धरतात की नाही, डिझेल महागलं तर त्यापोटी येणारा सरचार्ज पूर्ण पोचतो की वाटेत मुरतो, हे वेगळंच. मोठ्या कंपनीच्या कागदांत हे सगळं लिहिलेलं होतं, अगदी स्वच्छ. गाडीवाल्याच्या दृष्टीने वाईट, पण लिहिलेलं.

आता कपातीकडे येते, कारण खरा खेळ तिथे आहे. नुसतं सांगून कळत नाही म्हणून एक नमुन्याचा हिशेब मांडते. आकडे समजा म्हणून धरा, पण शुक्रवारच्या फोटोंत दिसतात त्याच घरातले आहेत.

आठवड्याचं भाडं ६,००० डॉलर, त्याचे ७५ टक्के म्हणजे ४,५०० गाडीच्या नावावर. त्यातून कंपनीच्या कार्डावर भरलेलं डिझेल १,४०० गेलं. मग विम्यातला वाटा २५०. ट्रकच्या नुकसानीचा विमा ११०. ट्रेलरचं भाडं २००. तास मोजणाऱ्या यंत्राचे, ईएलडीचे ३५. अपघात विमा ४०. नंबर प्लेटचा हप्ता ४५. अनामत १००. आणि 'प्रशासकीय शुल्क' ५०, जे कशाचं हे आजवर मला कोणी समाधानकारक सांगितलेलं नाही. हातात आले २,२७०. त्यातून ट्रकचा हप्ता, दुरुस्तीसाठी बाजूला टाकायचे पैसे, आणि स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर, जो दोन्ही बाजूंचा आपणच भरायचा असतो, कारण मालकही आपण आणि नोकरही आपणच.

हे झालं चांगल्या आठवड्याचं. आता समजा गाडी गॅरेजला लागली, किंवा घरी लग्न आहे, किंवा जानेवारीत मालच नाही. डिझेल शून्य, भाडंही शून्य. पण बाकीच्या ओळी तशाच छापून येतात. बेरीज करा: ८३० डॉलर. सेटलमेंटच्या तळाशी वजा चिन्ह लागतं आणि पुढच्या आठवड्याच्या डोक्यावर ते बसतं. घरच्या कार्यासाठी भारतात तीन आठवडे गेलेला माणूस परत येतो तो कर्जातच. म्हणून मी कराराच्या कपातीच्या पानावर प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने एकच गोष्ट लिहायला लावते: आठवड्याला की मैलाला? मैलाला कापणारी कंपनी तुमच्याबरोबर थांबते. आठवड्याला कापणारी थांबत नाही.

८८ टक्केवाल्याच्या कागदावर अशा कपाती नव्हत्याच. म्हणजे कपातीचं पानच नव्हतं. करार म्हणून जे हातात दिलं होतं ती शेवटची दोन पानं होती, सहीची जागा असलेली. 'बाकीचं स्टँडर्ड आहे' म्हणे. कायदा सांगतो की जे जे कापलं जाईल ते करारात लिहिलेलं हवं, आणि रक्कम कशी काढली तेही. ट्रक, टायर, विमा, काहीही आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. माल उतरवून कागद जमा केले की पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. ही पंधरा दिवसांची ओळ मी काकांना फोनवर वाचून दाखवली होती. ते बराच वेळ हसत होते.

उतरवणीवरून आठवलं. किराणा मालाच्या मोठ्या गोदामांत इथेही हमाल आहेत, 'लंपर' म्हणतात. त्यांना पैसे दिल्याशिवाय ट्रेलर रिकामा होत नाही. आपल्याकडे वाराईवरून, म्हणजे हमालीवरून, गाडीमालकांची भांडणं होतात, तीच इथे पावती आणि कोड नंबर घेऊन होतात. ते पैसे कंपनी परत देते का, आणि गोदामात चार-पाच तास खोळंबल्यावर ब्रोकरकडून जे थांबवणुकीचे पैसे येतात त्यातले तुम्हाला किती, हे करारात नसेल तर शून्य समजावं. आणि एक फारसं कोणाला माहीत नसलेलं: सीलबंद, आधीच भरून ठेवलेला ट्रेलर वजनकाट्यावर जास्त भरला तर तो दंड साधारणपणे कंपनीने सोसायचा असतो. भरणाऱ्याने भरला, सील लावलं, ड्रायव्हरने आत पाहिलेलंच नाही, तर त्याच्या माथी का?

पण या सगळ्यापेक्षा मी जास्त वेळ घालवते तो एका वेगळ्याच प्रश्नावर. ही कंपनी सोडायची झाली तर काय?

येणाऱ्याला सगळेच सन्मानाने घेतात. पहिल्या दिवशी टोपी, जॅकेट, डोनट. जाणाऱ्याला कसं वागवतात त्यावरून कंपनी कळते, आणि ते सगळं करारात आधीच लिहिलेलं असतं, बघणाऱ्याला दिसतं. अनामतच घ्या. भाड्याच्या घराच्या डिपॉझिटसारखी ती कथा आहे: खिळा ठोकला, रंग उडाला, मोरीची फरशी जुनी झाली, करत करत शेवटी काही उरत नाही. कायद्याने अनामतीवर व्याज द्यावं लागतं, तेही सरकारी ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलांच्या, म्हणजे अल्पमुदतीच्या रोख्यांच्या, दराने, दर तिमाहीला. त्यातून कशाकशासाठी पैसे कापले जातील ते करारात हवं. आणि करार संपल्यापासून ४५ दिवसांत हिशेबासकट परत. दारावरचे स्टिकर, ईएलडी, परवान्याचे कागद परत केले की कंपनीला शेवटचे पैसे अडवायला फारसं निमित्त उरत नाही. म्हणून मी सांगते, स्टिकर काढल्याचा फोटो काढा, ईएलडी पोस्टाने पाठवली तर पावती जपा. माझ्याकडे त्या पावत्यांचं एक वेगळं फोल्डरच आहे.

नंबर प्लेट हा दुसरा सापळा. कंपनीच्या नावावर प्लेट घेतली की सुरुवातीचे हजारएक-दोन हजार डॉलर एकदम भरावे लागत नाहीत, हप्त्याने जातात. छान वाटतं. पण सोडलं की प्लेट कंपनीकडे, आणि नवीन प्लेट येईपर्यंत गाडी अंगणात. हप्ता चालूच. नुसत्या या भीतीपोटी वर्षभर नको त्या कंपनीत राहिलेले लोक मी बघितलेत.

याहून वाईट म्हणजे कंपनीकडूनच ट्रक 'लीज-परचेस'वर घेणं. ट्रक त्यांचा, माल त्यांचा, पैसे कापणारेही तेच. सोडलं तर ट्रक, भरलेले हप्ते आणि काम एकाच दिवशी जातं. केंद्र सरकारने यावर नेमलेल्या समितीने जानेवारी २०२५ मध्ये अहवाल देताना अशा योजनांवर बंदीच घाला असं संसदेला सुचवलं. माझ्याकडे या योजनेतला कोणी आला की मी त्याला टॅक्सचं नंतर बघू म्हणते.

करारात वाद लवादाकडे नेण्याचं कलम असतं, तेही वाचायला लावते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑलिव्हेरा नावाच्या ड्रायव्हरच्या प्रकरणात एकमताने सांगितलं की १९२५ च्या लवाद कायद्यातली वाहतूक कामगारांची सूट स्वतंत्र कंत्राटदार म्हणवणाऱ्या ड्रायव्हरलाही लागू होते, म्हणजे त्या कायद्याच्या जोरावर त्याला लवादाकडे जायला भाग पाडता येत नाही. पण निकाल खिशात घेऊन कोणी गाडी चालवत नाही. वकिलाकडे जाण्याची वेळच येऊ नये अशी कंपनी बघणं स्वस्त पडतं.

आणि बघायला सोपं आहे. सरकारी वाहतूक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर डीओटी नंबर टाकला की कंपनीची जन्मकुंडली फुकट निघते. गाड्या किती, ड्रायव्हर किती, गेल्या चोवीस महिन्यांत तपासण्या किती, त्यात जागेवर थांबवलेल्या गाड्या किती टक्के, अपघात किती, आणि शेजारीच देशाची सरासरी. नांदेडकराला मी त्याच्याच फोनवर ते उघडून दिलं. ओळखीच्या माणसाच्या कंपनीच्या गाड्या सरासरीच्या दुपटीने थांबवलेल्या निघाल्या, आणि तिचा नंबर अगदी अलीकडचा होता. माणूस तर या धंद्यात बारा-पंधरा वर्षं आहे. आधीचा नंबर कुठे गेला? तो म्हणाला, 'ताई, आता कळायलं मला.' नाव बदलून, पत्ता बदलून, डाग लागलेला नंबर टाकून नवा घेणारे इथे कमी नाहीत. खराब नंबरखाली गाडी लावली की दर वजनकाट्यावर तपासणीला बाजूला घेतात, गाडी कितीही निर्दोष असली तरी. वेळ आपला जातो.

तरीही तो दोन दिवस घुटमळत राहिला, आणि ते मला समजतं. परक्या देशात रात्री दोन वाजता वायोमिंगमध्ये बर्फात अडकल्यावर आपल्या भाषेत फोन उचलणारा माणूस, याला काही किंमत आहेच. इथे नवीन आलेल्या कितीतरी पोरांना पहिली संधी अशाच ओळखीच्या कंपन्यांनी दिली आहे, आणि त्यातल्या काही सचोटीने चालतात. त्यांचे हिशेबही मी लिहिते. पण ओळखीच्या माणसाला कागद मागणं जड जातं, आणि ज्याला कागद मागता येत नाही त्याच्याशी धंदा करू नये असं माझं मत आहे. नातं असेल तर जेवायला बोलवा.

नाही कसं म्हणायचं हा प्रश्न त्याने आपल्या पद्धतीने सोडवला. 'माझी अकाउंटंट नको म्हणायली,' असं सांगून मोकळा झाला. तेव्हापासून तो ८८ टक्केवाला किराणा दुकानात मला बघून डाळींच्या रांगेकडे वळतो.

गाडी ७२ टक्केवाल्याकडे लागली. ट्रेलरचं भाडं नाही, बहुतेक कपात मैलावर, प्लेट स्वतःच्या नावावर घेतली. सगळं गोड आहे असं नाही. त्यांचा डिस्पॅचर, म्हणजे भाडी नेमून देणारा माणूस, शुक्रवारी दुपारी मुद्दाम लांबचं भाडं गळ्यात मारतो अशी तक्रार आहे, आणि नाकारलं तर सोमवारी फोन उशिरा येतो. 'जबरदस्ती नाही' असं करारात लिहिलेलं आहे. उशिरा फोन करणं मात्र कुठल्या कलमात बसत नाही.

अलीकडे त्याच्या डोक्यात स्वतःच्या अथॉरिटीचं खूळ शिरलंय. शंभर टक्के आपले, कोणाची कपात नाही. मी विरोध करत नाही. फक्त त्याला सांगितलं, नवीन एमसी नंबरला बरेच ब्रोकर पहिले काही महिने मालच देत नाहीत, आणि आधी विम्याची कोटेशनं मागव. मागवली. पहिलं आलं तेव्हा मला त्याचा फोटो पाठवला, आणि मागोमाग फोन.

'ताई, ते कंपनीवाले विम्याचे आठवड्याला अडीचशे कापायलेत म्हणून मी बोंबलत होतो ना, ते राहू द्या आता.'